दोन डोळ्यांसाठी दोन चित्रं

"फसले का, गुर्जी?"

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी छत्री शिक्षकखोलीच्या फरशीवर पडली होती. नव्याण्णव सालचा जुलै. चित्रकला शिक्षकाची नोकरी लागली म्हणून नगरकडून थेट अर्जुनी मोरगावला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. भिंतीत लाकडी खुंटी दिसली, छत्री अडकवली, तर ती सरळ खाली. खुंटी रंगवलेली होती. तिची तिरपी सावली रंगवलेली होती, आणि सावलीशेजारचा भिंतीचा उडालेला पोपडासुद्धा रंगवलेलाच होता. दारात एक उंच, सडसडीत माणूस बोटांचा रंग पायजम्याला पुसत उभा होता. शाळेनं त्याला भिंतींवर सुविचार लिहायला बोलावलं होतं. उरलेल्या रंगात त्यानं हा उद्योग करून ठेवला होता.

"फसलो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"मंग बरं," म्हणून तो माणूस शांतपणे निघून गेला.

पुढं सतरा-अठरा वर्षं मी त्यांना ओळखत होतो. गाव त्यांना नुसतं 'पेंटर' म्हणायचं, मीही तेच म्हणायचो. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. झाडीपट्टीची नाटकं तुम्ही पाहिली नसली तरी ऐकून असाल. त्या नाटकांच्या मागचे पडदे पेंटर रंगवायचे. महाल, जंगल, झोपडी आणि रस्ता. गणपती उठले की एका राइस मिलच्या रिकाम्या शेडमध्ये मांजरपाट टांगला जायचा आणि तिथपासून दिवाळीपर्यंत पेंटरचा मुक्काम तिथंच. एका बाजूनं कोंड्याचा वास, दुसऱ्या बाजूनं रंगात घालायच्या सरसाचा.

त्यांचा 'रस्ता' पंचक्रोशीत नावाजलेला होता. दोन्ही बाजूंना कौलारू घरं, मोहाची झाडं, आणि रस्ता लांब जात जात आमच्याजवळच्या प्रतापगडच्या डोंगराला मिळायचा. नाटकाचा नायक मुंबईत नोकरी शोधत असो की नागपुरात कोर्टकचेऱ्या करत असो, त्याच्या मागं प्रतापगडच. कुणी कधी तक्रार केली नाही.

मी पडलो डिप्लोमावाला. पहिल्याच वर्षी शेडमध्ये जाऊन मी त्यांना समजावून सांगायला लागलो की दूर जाणाऱ्या साऱ्या रेघा एका बिंदूत कशा मिळतात. पेंटरनी सगळं ऐकून घेतलं आणि पडद्यामागच्या फळीत ठोकलेला खिळा दाखवला. त्याला सुतळी बांधलेली होती. ती गेरूत भिजवायची, ताणायची आणि टिचकी मारून सोडायची, की सरळ रेघ उमटायची. घरांची छपरं, रस्त्याच्या कडा, सगळ्या रेघा त्या एका खिळ्यातून निघालेल्या होत्या.

"सारं गाव या खिऱ्याले बांधून आहे, गुर्जी," ते म्हणाले. माझा तास तिथंच संपला.

पडदा बरा की वाईट हे ठरवायची त्यांची एकच कसोटी होती. समोरचा फसला पाहिजे. मिलच्या आवारातली बकरी एकदा पडद्यावरच्या वेलाला तोंड लावायला गेली, तर पेंटरनी ते पानठेल्यापासून पोस्टापर्यंत सगळ्यांना सांगितलं. दारुड्याचं काम करणारा एक नट नवेगावच्या प्रयोगाला खरंच टाकून आला होता. तो विंगेत जायच्या ऐवजी पडद्यावरच्या गल्लीत शिरायला गेला आणि पडद्यासकट आडवा झाला. कंपनीचा मालक संतापानं लाल झाला होता, पेंटरचा मात्र पुढचा आठवडा मोठ्या मजेत गेला. "नशेत का होईना, गेला तं तिकडंच ना?" असं ते ज्याला त्याला विचारत होते.

काही सवयी चमत्कारिक होत्या. शेजारी बसायला गेलं की म्हणायचे, "इकून बसा जी, उजवीकून." चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवल्याशिवाय ओतत नसत. ब्रश बुडवण्याआधी करंगळीनं डब्याचा काठ चाचपत. सायकल कधी शिकले नाहीत, नवेगावला जायचं तरी एसटीची वाट पाहत बसत. मला वाटायचं, कलावंत माणूस आहे, असायचाच थोडा तऱ्हेवाईक. तुम्ही असता तर कदाचित लवकर ओळखलं असतं. चित्रकला म्हणजे आधी पाहायला शिकणं, असं मी मुलांना दरवर्षी ऐकवायचो आणि सोळा वर्षं माझ्या काही ध्यानात आलं नाही.

मधल्या काळात फ्लेक्स आला. गोंदियाहून तासाभरात महाल छापून यायला लागला. बऱ्याच कंपन्यांनी पेंटरकडं येणं सोडलं, एक-दोन जुन्या तेवढ्या टिकल्या. पेंटरनी फ्लेक्सचा महाल एकदा जवळून, एकदा लांबून पाहिला. "चकाकते," म्हणाले. "चकाकते तं फसवन कसा?"

त्याच सुमाराला प्रज्ञा दिवाळीला घरी आली. ही माझी जुनी विद्यार्थिनी. पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत चित्रं काढते. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तिनं मंडईतली सगळी नाटकं पाहिलेली. तिच्या डोक्यात एक खूळ होतं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की माणूस थेट मंडईतल्या नाटकाला जाऊन बसला पाहिजे, मग तो पुण्यात असो की परदेशात. कॉम्प्युटरच्या आतलं झाडीपट्टी थिएटर. आणि त्यातला पडदा तिला पेंटरकाकांच्याच हातचा हवा होता.

तिनं नमुना म्हणून, फोन बसवून डोळ्यांना लावायचा एक डबा शेडमध्ये आणला. पेंटरनी त्याला लगेच 'झापड' म्हणायला सुरुवात केली, घाण्याच्या बैलाला बांधतात ती. आत पाहिलं की आपण एका कड्याच्या टोकावर उभे, पुढं खोल दरी. मी डोळ्यांना लावला आणि शेजारचं तांदळाचं पोतं गच्च धरलं. मिलमधला एक हमाल तर खालीच बसला. मग पेंटरची पाळी आली. त्यांनी मान इकडं केली, तिकडं केली, पार मागं वळून पाहिलं.

"हे बरं आहे. मांगं बी पडदा आहे." मग खाली पाहिलं. "माहे पाय कुठी गेले वो पोरी?"

"त्याच्यात आपले पाय नाही दिसत, काका."

"मंग मी उभा कायच्यावर आहो?"

दरीची भीती वगैरे काही नाही. झापड काढून परत देताना म्हणाले, "बेस आहे. माह्या पडद्यासारखंच आहे." प्रज्ञा आणि मी एकमेकांकडं पाहून हसलो. पेंटरचा गर्व आम्हाला ठाऊक होता.

प्रज्ञानं मग त्यांना काम समजावून सांगितलं. "काका, आपल्या दोन डोळ्यांच्या मधात अंतर आहे ना, म्हणून डाव्याला जरा वेगळं दिसते, उजव्याला जरा वेगळं. याच्यात दोन्ही डोळ्यांपुढं वेगवेगळं चित्र ठेवावं लागते. तुम्ही मला रस्त्याची दोन चित्रं काढून द्या. एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. जवळची झाडं जराशी सरकलेली, बस." कॉम्प्युटरवर तिला ते करता आलं असतं, पण तिला सगळं हातानंच काढलेलं हवं होतं.

"हो, हो," पेंटर म्हणाले. एरवी ब्रशच्या केसांवरून तासभर वाद घालणाऱ्या माणसानं एकही प्रश्न विचारला नाही.

प्रज्ञा पुण्याला परतली. पंधरा दिवसांनी पेंटर दोन मोठे कागद गुंडाळून शाळेत आले. "पाठवून द्या जी पोरीले." मी ते टेबलावर शेजारी शेजारी पसरले आणि पाहतच राहिलो. दोन्ही चित्रं एकच होती. पानाला पान, कौलाला कौल. डावीकडच्या तिसऱ्या घराचं एक कौल फुटलेलं होतं, ते दोन्हीकडं तिथंच आणि तेवढंच फुटलेलं. इतकी हुबेहूब नक्कल काढायला काय हात लागतो हे चित्रं काढणाऱ्यालाच कळेल.

"पेंटर, ही तर सारखीच आहेत."

"मंग? दोन डोरे का दोन गावचे असते?"

मला हसू आलं. खिडकीतून मैदानापलीकडचं मोहाचं झाड दिसत होतं. म्हटलं, अंगठा धरा त्या झाडासमोर. आता डावा डोळा मिटा. आता तो उघडा आणि उजवा मिटा. अंगठा उडी मारतो की नाही पाहा. वर्गात दरवर्षी मी हा खेळ करून घेतो, मुलं खिदळतात. पेंटरनी अंगठा धरला, डावा डोळा मिटला. "आता उजवा," असं म्हणत मी चष्मा घ्यायला कपाटाकडं गेलो. बाहेर मधल्या सुट्टीचा गोंगाट चालला होता.

"हललं जी, हललं," पेंटर म्हणाले. मी ज्या खुर्चीवरून उठलो होतो, त्या रिकाम्या खुर्चीला ते सांगत होते.

त्यांनी उजवा डोळा उघडला, खुर्ची रिकामी पाहिली आणि मान पूर्ण वळवून मला शोधलं. मग अंगठा सावकाश खाली आणला.

"पाच वर्साचा असंन," ते म्हणाले. "विटी लागली. वरून काही दिसत नाही. अंदरून दिवा गेला."

म्हणजे डावीकडं कुणी बसलेलं त्यांना दिसतच नव्हतं. कपाचा काठ किती जवळ आहे ते टेकवल्याशिवाय कळत नव्हतं. झापडेतली दरीही त्यांना खोल दिसली नव्हती. आणि त्यांनी हे लपवलं होतं, कारण आमच्याकडं नवा पडदा पहिल्यांदा वर जायच्या आधी नारळ फोडतात आणि तो मान पेंटरचा असतो. नाटकवाले शकुनाला फार जपतात. निघताना काणा माणूस आडवा आला म्हणून गाडी दहा मिनिटं थांबवणारे मालक मी पाहिले आहेत.

पण त्या वेळी पेंटरना त्याची काळजी नव्हती. ते टेबलावरच्या चित्रांकडं पाहत होते.

"म्हंजे तुमाले दूरचं अना जवरचं येगयेगरं दिसते. दोन डोऱ्यांनी."

"हो."

"मले तं दुनिया अशीच दिसते. पडद्यासारखी." माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "मंग माहा पडदा तुमाले सपाटच दिसे?"

"छे छे, मुळीच नाही," असं मी इतक्या घाईनं म्हणालो की त्यांना उत्तर मिळालं. खरं सांगायचं तर पडदा पडद्यासारखाच दिसायचा. आम्ही कौतुक करायचो ते रंगाचं, मेहनतीचं. आयुष्यभर हा माणूस लोकांना फसवतोय असं समजत होता आणि पुरावा म्हणून त्याच्यापाशी होते एक बकरी, एक दारुडा आणि छत्री अडकवणारा मी.

चित्रं गुंडाळून घेऊन ते निघून गेले. त्या हंगामात एका कंपनीनं संक्रांतीनंतरच्या नाटकासाठी नवा 'रस्ता' सांगितला होता. शेडमधला मांजरपाट कोराच राहिला. मालकानं दोनदा निरोप पाठवला, तिसऱ्यांदा फ्लेक्सवाल्याला फोन करतो म्हणाला. मी पेंटरच्या घरी जाऊन ते सांगितलं.

"करू द्या," ते म्हणाले. "अठी बी सपाट, तठी बी सपाट."

मला फार अपराधी वाटत होतं. तीस-पस्तीस वर्षांचं काम मी पोरांच्या एका खेळानं पुसून टाकलं होतं. पेंटरच्या बायकोनं मला चहा दिला, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

एका रविवारी सकाळी शाळेच्या शिपायानं बोलावलं म्हणून मी गेलो, तर पेंटर हातठेल्यावर त्यांचा जुना 'रस्ता' घालून घेऊन आलेले. पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून तो त्यांनी मैदानाकडं तोंड करून सोडला. हातात एक दोरी होती, दर पाच हातांवर गाठ मारलेली.

"आज तुमचे डोरे मले द्या," ते म्हणाले. "अना खोटं बोलजा नोको. समजते मले."

दहा हातांवर त्यांनी मला उभं केलं. एक डोळा मिटून पाहायचं, मग दोन्ही उघडायचे. फरक होता. एका डोळ्यानं रस्ता आत जायचा आणि दुसरा उघडला की मांजरपाटाला चिकटून बसायचा. मी तसं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढची गाठ धरली. पंधरा, वीस, पंचवीस. फरक होता, पण कमी कमी होत चालला होता. तीस हातांवर मला ठरवायला वेळ लागला. चाळीसच्या गाठीवर मी डावा मिटला, उजवा मिटला, दोन्ही उघडले. पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदाही केलं. रस्ता होता तसाच आत जात होता, थेट प्रतापगडापर्यंत, भर उन्हात, माझ्या दोन्ही डोळ्यांना. मला खोटं बोलावं लागणार नव्हतं.

"काही फरक नाही, पेंटर."

"आईशप्पथ?"

"आईशप्पथ."

ते तिथंच मैदानात बसले. दोरी गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाले, "चारीस हातांवर सारेच काने, गुर्जी."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो.

थोड्या वेळानं बोटानं जमिनीवर रेघा ओढून त्यांनी नाटकाचं मैदान काढलं. रंगमंच. त्यापुढं खुर्च्या, सरपंच आणि पाहुण्यांच्या. खुर्च्यांमागं दोरी. दोरीच्या मागं जमिनीवर पोती अंथरून, लेकरं मांडीवर घेऊन बसलेलं गाव. दोरी कितीवर असते ते त्यांनी मनातल्या मनात मोजलं, ती चाळीस हातांच्या पुढंच भरली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"खुर्चीवाल्याले दिसू द्या सपाट," ते म्हणाले. "ते तं हार घालून घ्यासाठीच येते."

दुसऱ्या दिवशी ते शेडमध्ये कामाला लागले. नवा पडदा वर जायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. मालकानं नारळ पुढं केला. पेंटरनी तो हातात घेतला आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "पयले आयका. माहा डावा डोरा नाही. लहानपनापासून. आता सांगा, फोडू का?"

मालकानं घड्याळात पाहिलं. "फोड ना यार, टाइम होऊन राहिला," तो म्हणाला. त्याला आधीपासून माहीत होतं, की तो खरोखरच घाईत होता, हे मला आजही सांगता येणार नाही. पेंटरनी नारळ फोडला. एका फटक्यात फुटला नाही, दोन लागले. दुसऱ्या फटक्याला मालकानंच नारळ धरला होता.

प्रज्ञाला मी पेंटरच्या परवानगीनं फोनवर सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "सर, मग दुसरं चित्र लागतच नाही. मी एकच टांगते. दोन्ही डोळ्यांना तेच." पेंटरनी त्या दोनांतला एक कागद मला आणून दिला आणि मी तो पुण्याला पाठवला.

त्यानंतर पेंटर दोनच हंगाम होते. एका श्रावणात तापाचं निमित्त झालं आणि गोंदियाच्या दवाखान्यातून ते परत आले नाहीत. त्यांचे पडदेही फार राहिले नाहीत. सरसाच्या रंगाला उंदीर लागतात.

पुढच्या वर्षी प्रज्ञा लॅपटॉप आणि तारांचा गुंता घेऊन शाळेत आली. हा हेडसेट वेगळा होता, आत शिरल्यावर चालता यायचं. शाळेच्या हॉलमधली बाकं तिनं भिंतीला सरकवली आणि तो माझ्या डोळ्यांवर चढवला. दिवसाउजेडीचं मैदान होतं. पुढं खुर्च्या होत्या, दोरी होती, आणि मी दोरीच्या मागं, जमिनीवर बसलेल्या बायांच्या मधात उभा होतो. समोर रस्ता. तिसऱ्या घराचं ते कौल फुटलेलंच होतं. त्याच्या पलीकडं मोहाची झाडं आणि शेवटी प्रतापगड.

"सर, पुढं चाला ना," बाहेरून प्रज्ञाचा आवाज आला. "जवळ गेलं की काकांच्या ब्रशचे फटकारे पण दिसतात. हॉल मोकळा आहे, काही लागणार नाही तुम्हाला."

"राहू दे गं. इथूनच पाहतो."

"नीट दिसून राहिलं ना पण?"

दिसत होतं, मग धूसर दिसायला लागलं. ते यंत्र चढवलेलं असताना डोळे पुसता येत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. मी जागचा हललो नाही.